दहा दिवसांचं बाळ गेलं आणि चौदा वर्षांची आई डॉक्टर व्हायला निघाली

फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. दर काही महिन्यांनी तो फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर फिरत येतो. १८८५ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काढलेला. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी एका रांगेत, आपापल्या देशाच्या पोशाखात. जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या सबात इस्लामबुली आणि साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी.

आनंदीबाई म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर, एवढं शाळेत पाठ झालेलं असतं. अमेरिकेला जाऊन डॉक्टर झालेल्या, हेही माहीत असतं. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दीडशे वर्षांपूर्वी, एका बाईनं समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडाला असं मानलं जायचं, त्या काळात या मुलीनं शिकायला वैद्यकच का निवडलं?

त्याचं उत्तर दहा दिवसांत आहे. आणि ते दहा दिवस आज ज्यांच्या घरात नवीन बाळ आलंय, त्यांच्याही कामाचे आहेत.

कल्याणची यमुना

३१ मार्च १८६५ हा आनंदीबाईंचा जन्मदिवस. माहेरचं नाव यमुना. वडील गणपतराव जोशी, कल्याणचं घराणं. एकेकाळी जमीनजुमला होता, पण आनंदीबाईंच्या लहानपणापर्यंत घरची श्रीमंती ओसरत आली होती.

त्या काळात मुलीच्या लग्नाला कायद्यानं वयाची कसलीच अट नव्हती. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, यमुनेचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, बिजवर, वयानं वीसेक वर्षांनी मोठा. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं.

गोपाळराव हे विचित्र रसायन होतं. बायकोला शिकवायचं, हा त्यांचा ध्यास. लग्न ठरवतानाच त्यांनी तशी अट घातली होती. बायका स्वयंपाकात चुकल्या म्हणून मार खायच्या त्या काळात, आनंदीनं अभ्यास टाळला तर तिला नवऱ्याचा मार बसायचा. पुढे जगानं त्यांचं कौतुक केलं आणि ते काही अंशी खरंही आहे. पण शिकवणारा आणि मारणारा हात एकच होता, हे विसरून चालत नाही.

गोपाळरावांची बदली अलिबागला झाली. कल्याणच्या नात्यागोत्यातून बाहेर पडल्यावर आनंदीच्या शिक्षणाला खरा वेग आला. आज कल्याणहून अलिबागला जायचं तर पनवेल आणि पेण करत जावं लागतं. याच पट्ट्यात, पाताळगंगेच्या काठी आपटा नावाचं गाव आहे. त्या गावाकडे आपण शेवटी येणार आहोत.

ते दहा दिवस

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदी बाळंत झाली. मुलगा झाला. दहा दिवसांनी तो गेला.

आपल्याकडे पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते आणि बाराव्या दिवशी बारसं. म्हणजे पाचवी झाली, पण बारशापर्यंत बाळ पोहोचलंच नाही. त्या बाळाला हवी ती डॉक्टरी मदत मिळाली नाही. आई स्वतःच लहान होती, आणि बाळंतिणीच्या खोलीत परक्या पुरुषानं, मग तो डॉक्टर का असेना, पाऊल टाकायचं नाही असा रिवाज होता.

तेव्हाच्या बाळंतिणीच्या खोलीचं चित्र थोडं समजून घेऊ. सोयर दहा दिवसांचं. खोली अंधारी, दारं-खिडक्या बंद, शेगडीचा धूर. बाळंतपण करणारी सुईण अनुभवी असायची. किती तरी बाळंतपणं तिच्या हाताखालून गेलेली असायची. पण हात आणि अवजारं जंतूंपासून स्वच्छ ठेवायची कल्पना तेव्हा युरोपातल्या मोठ्या दवाखान्यांतही नुकती कुठे रुजत होती.

आणि दूध? अनेक घरांत पहिले दोन-तीन दिवस बाळाला अंगावर घेतच नसत. सुरुवातीला येणारं घट्ट, पिवळसर चिकाचं दूध खराब समजून पिळून टाकलं जायचं. तोवर बाळाच्या तोंडात मध, तूप, गुळाचं पाणी, बोटाच्या टोकावर चाटवलेली गुटी. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. बाळाला गोड बोट लावणं म्हणजे माया होती.

आज विज्ञान काय सांगतं? चिकाचं दूध म्हणजे बाळाची पहिली लसच. त्यात रोगांशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. ते थोडंसंच येतं, एका वेळी जेमतेम चमचाभर. पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही एखाद्या गोटीएवढंच असतं. म्हणजे जेवढं येतं तेवढं त्याला पुरतं. उलट मधातून एक दुर्मीळ पण जीवघेणा जंतुविकार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरसुद्धा द्यायचा नाही.

आनंदीपाशी हे सांगणारं कोणी नव्हतं. बाळाचं काही बिनसलं तर कुणाला विचारायचं, हाच प्रश्न होता. वैद्य आणि डॉक्टर सगळे पुरुष. चौदा वर्षांच्या मुलीनं त्यांच्याशी स्वतःच्या अंगाबद्दल, दुधाबद्दल बोलायचं कसं? बाळ गेल्यावर बायकांना बाई डॉक्टर हवी, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली.

एका पत्राची गंमत

पुढची बदली कोल्हापूरची. तिथून गोपाळरावांनी अमेरिकेतल्या रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. मला अमेरिकेत काही काम मिळेल का, माझ्या बायकोला तिथे शिकता येईल का, असा पत्राचा रोख होता. वाइल्डर यांनी धर्मांतराची बाजू पुढे केली. ते जोशी दांपत्याला मान्य नव्हतं. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

झालं असं की न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई १८८० मध्ये दंतवैद्याकडे गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत त्यांनी तिथलं ते जुनं मासिक चाळलं आणि पत्र वाचलं. शिकू पाहणाऱ्या त्या कोवळ्या मुलीनं त्यांच्या मनात घर केलं. त्यांनी थेट भारतात पत्र धाडलं. दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं.

दरम्यान गोपाळरावांच्या बदल्या चालूच होत्या. मुंबई, भूज आणि मग थेट बंगाल. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला असताना ठरलं. गोपाळरावांची नोकरी होती, म्हणून आनंदीनं एकटीनं अमेरिकेला जायचं.

लोकांनी धारेवर धरलं. नवऱ्याशिवाय, समुद्रापार, परधर्मी लोकांत, एकटी बाई? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. वय वर्षं सतरा. भाषण इंग्रजीत. हिंदुस्थानात बाई डॉक्टरांची किती गरज आहे, इथे शिकायला काय अडचणी येतात, मी एकटी का जातेय, मी धर्म बदलणार नाही, हे सगळं त्यांनी एकेक मुद्दा घेऊन मांडलं. भाषणाची बातमी पसरली आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतून मदत येऊ लागली.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियात प्रबंध लिहिला तो बाळंतपणावर

फिलाडेल्फियातलं विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ही खास बायकांना डॉक्टर करणारी संस्था. प्रमुख होत्या रेचल बॉडली. आनंदीबाईंनी अर्जातच स्पष्ट लिहिलं होतं की, माझ्या देशातल्या ज्या बायका पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेण्यापेक्षा दुखणं सहन करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. प्रवेश मिळाला.

तिथला हिवाळा जीवघेणा. आनंदीबाई साडीच नेसत आणि शाकाहारच घेत. खोली गरम ठेवायची सोय धड नव्हती. तब्येत तोळामासा होतीच, ती आणखी ढासळत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रबंधासाठी आनंदीबाईंनी कोणताही विषय घेतला असता तरी चाललं असतं. त्यांनी घेतला बाळंतपणाचा. आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, असा त्यांच्या प्रबंधाचा विषय. गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरची काळजी याबद्दल आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांत काय सांगितलंय, ते त्यांनी अमेरिकेतल्या प्राध्यापकांसमोर इंग्रजीत मांडलं. दहा दिवसांचं बाळ गमावलेली आई त्याच विषयाची डॉक्टर होऊन उभी होती.

त्या जुन्या ज्ञानात काय काय होतं, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की आईला बाळाचा स्पर्श झाला, ते दिसलं, नुसतं आठवलं तरी पान्हा फुटतो, आणि त्यामागे मायेचा ओलावा असतो. आजचं विज्ञान वेगळ्या शब्दांत हेच सांगतं. बाळाला जवळ घेतलं, त्याचं रडणं ऐकलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि दूध वाहू लागतं. आई घाबरलेली, दुखण्यानं बेजार किंवा कोणाच्या टोमण्यांनी खचलेली असेल तर हेच संप्रेरक अडखळतं.

पण त्याच ग्रंथात असंही आहे की दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं आणि तोवर बाळाला मध-तूप द्यावं. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, हे निरीक्षण अचूक आहे. त्याआधीचं थोडंसं चिकाचं दूध मात्र त्यात निसटलं. निरीक्षण बरोबर आणि सल्ला चुकीचा, असं एकाच पानावर असू शकतं. म्हणून जुनं सगळं टाकाऊ म्हणणं जसं चूक, तसंच जुनं आहे म्हणून डोळे मिटून करणंही चूक.

परतल्या, पण दवाखान्यात पोहोचल्या नाहीत

कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून नेमलं. ज्या कामासाठी सगळा अट्टहास केला, ते काम समोर आलं होतं.

१८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या, त्या आजारी अवस्थेतच. क्षयरोग बळावला होता. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन, ते सापडलं १९४३ मध्ये. कोल्हापूरची जागा त्यांना कधीच हाती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सी इथल्या दफनभूमीत, मावशींच्या घराण्याच्या जागेत त्यांची खूण आहे. वर्षभरातच, १८८८ मध्ये, कॅरोलिन डॉल यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची, आणि त्याच नावाचा सिनेमा २०१९ चा. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव दिलेलं आहे.

एकाही बाळंतिणीवर आपल्या देशात त्यांना उपचार करता आले नाहीत. मग हाती काय लागलं? वाट मोकळी झाली. पुढच्या दशकात रखमाबाई राऊत लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोटला आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. बाळंतिणीच्या खोलीत शिकलेली बाई जाऊ लागली.

आज आपट्यात बाळ जन्माला आलं तर?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा हे छोटं स्टेशन आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा रेल्वेचा प्रसंग इथे चित्रित झाला, म्हणून लोक फोटो काढायला येतात. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि ज्या अलिबागेत आनंदीनं अक्षरं गिरवली तिथे जिल्हा रुग्णालय आहे.

पण सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. आज बाळंतिणीच्या दारात आशाताई येते. २०११ पासून देशभर नियम असा आहे की दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा कार्यकर्तीनं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहायचं. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही यायचं. आनंदीला जे दहा दिवस एकटीनं काढावे लागले, त्यातले तिसरा आणि सातवा हे दोन दिवस या भेटींत येतात.

त्या दहा दिवसांत दुधाचं नेमकं काय करायचं, ते क्रमानं पाहू.

पहिला तास. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं. सिझर झालं असेल तरी आई शुद्धीवर असेल तर नर्सच्या मदतीनं हे जमतं. बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालायचं. बाळाला ऊब मिळते आणि पान्हाही लवकर फुटतो. मध, गुटी, साखरेचं पाणी, ग्लुकोज, साधं पाणी यातलं काही द्यायचं नाही.

पहिले तीन दिवस. चिकाचं दूध कितीही कमी दिसलं तरी बाळाला प्यायला द्यायचं. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीसुद्धा. रडायची वाट पाहायची नाही. बाळ तोंड उघडतं, मान इकडेतिकडे वळवतं, मूठ चोखतं, हीच भूक लागल्याची खूण. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बाळ सारखंच पिऊ पाहतं. त्या रात्री घरात कोणीतरी म्हणतं की दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. खरं तर बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरचं दूध पोटात गेलं की बाळ कमी ओढतं आणि अंगावरचं दूध खरंच कमी होऊ लागतं.

पकड. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. बाळानं तोंड मोठ्ठं उघडल्यावर त्याला स्तनाकडे आणायचं, आईनं वाकायचं नाही. नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की पकड बरोबर. सुरुवातीला थोडं दुखणं समजू शकतं, पण दुखतच राहिलं किंवा चिरा पडल्या तर पकड चुकतेय. ओढून सोडवू नका. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

तिसरा ते पाचवा दिवस. भरपूर दूध उतरतं. स्तन जड होतात, कधी दगडासारखे टणक. अशा वेळी पाजणं थांबवायचं नाही. आधी कोमट पाण्याचा शेक घेऊन, हातानं थोडं दूध काढून स्तन मऊ करायचा आणि मग बाळाला लावायचं. एका जागी लाल, गरम, दुखरी गाठ आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथूनही बहुतेक वेळा पाजत राहायलाच सांगतात.

पुरतंय का, हे कसं ओळखायचं? रडण्यावरून नाही, लंगोटावरून. पहिल्या दिवशी एखादा ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त. शी आधी काळी, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. ते साधारण दहा ते चौदा दिवसांत भरून येतं. त्याहून जास्त उतरलं किंवा दोन आठवड्यांतही भरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं.

आईचं काय? डिंकाचे, अळिवाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा हे आवडीनं खाल्लं तर छानच. पण दूध लाडवांपेक्षा बाळाच्या ओढण्यानं वाढतं. आईला रोजचं पोटभर जेवण, तहानेला पाणी आणि झोप हवी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत सोडून द्यायला हवी. बाबांनी काय करायचं? ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री बाळ उचलून आईजवळ देणं, आणि दूध पुरत नाही म्हणणाऱ्या पाहुण्यांना दारातच चहा पाजून वाटेला लावणं.

अंगावर पाजणं जमलंच नाही तर? बाळ फार लहान किंवा अशक्त असेल तर दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्यानं पाजता येतं. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर घरातल्या तापमानाला चार तासांपर्यंत चालतं. उन्हाळ्यात त्याआधीच वापरा. मोठ्या दवाखान्यांत मातृदुग्धपेढ्याही असतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू झाली. डॉक्टरांनी पावडरचं दूध द्यायला सांगितलं असेल तर ते डब्यावरच्या मापानं, उकळून घेतलेल्या पाण्यात, वाटी-चमच्यानं द्या. पुरवून वापरायचं म्हणून पातळ करू नका. आणि त्या आईला टोमणे मारू नका. आईला क्षयरोग असेल तरी डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषधं घेत बहुतेकदा पाजता येतं. बाळासाठी वेगळं औषध देतात.

थांबायचं नाही, अशा खुणा. बाळ प्यायचं थांबलं, उठवूनही उठत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, श्वास मिनिटाला साठपेक्षा जास्त किंवा छाती आत ओढली जातेय, झटका आला, पहिल्याच दिवशी अंग पिवळं दिसतंय किंवा पुढे तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा आलाय, नाळेभोवती लाल होऊन पू येतोय. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा. वाटेत बाळाला छातीशी धरून उबेत ठेवायचं.

हे सगळं सुरळीत पार पडलं की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर वरचं मऊ जेवण सुरू करायचं आणि दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही अंगावर पाजत राहायचं.

लाज नको

आनंदीबाईंच्या काळात बाळंतिणीला विचारायला बाई डॉक्टर नव्हती. आज आपट्यातही आशाताई आहे, सिस्टर आहे, दवाखान्यात डॉक्टर मॅडम असतात. तरी पुष्कळ मुली पकड जमत नाही, चिरा पडल्यात, रात्रभर रडू येतंय, हे कोणाला सांगत नाहीत. सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही, असं त्यांना वाटत राहतं. पहिल्या आठवड्यात बहुतेक जणींना कुठे ना कुठे अडतंच. बाळंतपणानंतर मन सतत उदास राहत असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर तेही दुखणंच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

तुमच्या ओळखीत कोणी बाळंतीण असेल तर बाळाला बघायला जाताना आईलाही विचारा की दूध पाजायला जमतंय ना, दुखत नाही ना, झोप मिळते का. आणि तिसऱ्या दिवशी आशाताई आली नाही, तर तिला फोन करून बोलावून घ्या. ते तिचं कामच आहे, आणि तुमचा हक्क.